ठिपके

स्नेहलतागंजात शाळेच्या हॉलमध्ये,
डाव्या विंगेत, झिरोच्या दिव्याखाली,
स्टुलावर बसून अकरा वर्षं मी
अंबुजा पागनीसची वाक्यं कुजबुजलो.
दिवसा वीज मंडळात मीटरचे आकडे,
संध्याकाळी हे.

तिला शब्द लागायचेच नाहीत फारसे.
लागायचं एवढंच, की तिथं कुणी बसलंय.
अडचण तिच्या थांबण्याची होती.
भर वाक्यात थांबायची. पदर नाही, पापणी नाही,
काही म्हणजे काही हलवायची नाही,
आणि इकडे मला घाम फुटायचा :
विसरली, की हे असंच आहे?
एकदा दिला शब्द. चुकलो.
मध्यंतरात माझ्या हातात कपबशी देत म्हणाली,
"भाऊ, माझी शांतता खाल्लीत तुम्ही."

तेव्हापासून वहीत लाल पेन्सिलीचे ठिपके.
एक ठिपका, एक श्वास.
तिसऱ्या अंकात ती मुलाची पेटी उघडते तिथं
सात.

स्पर्धेत पहिले आलो त्याच साली ती गेली,
छोट्या गाडीनं, खांडव्याला बदलून.
वडील स्टेशनवर आले नाहीत.
बहीण आली, शेवेचा डबा घेऊन, रडत.
मी खिडकीशी जाऊन म्हणालो,
कालाकुंडला कलाकंद चांगला मिळतो.
दुसऱ्यांची नाटकंच्या नाटकं पाठ असलेल्या माणसाला
स्वतःचं एवढंच सुचलं.

यशवंत टॉकीजला तिचा पहिला सिनेमा.
नाव कापून अंजू केलेलं.
नायकाची वहिनी; ताट घेऊन येते,
"पहले खाना तो खा लो" म्हणते, जाते.
दुसऱ्यांदा पाहताना मी तिच्याआधीच म्हणून बसलो.
पुढचा वळला : "भिया, सबको मालूम है."
असे बावीस सिनेमे. वहिन्या, नर्सा,
दोनदा विधवा, एकदा वकील,
वकील संकलनात गेली,
नाव तेवढं पाटीवर राहिलं.

मधेच पुन्हा नाटक, दौरे. बार्शीहून कार्ड आलं :
"इथं विंगेत टेप लावतात. माणूस नाही."
उत्तर लिहिलं होतं. टाकलं नाही.

मग ती सासू झाली, रोज रात्री साडेआठला, नऊ वर्षं.
आता इंदूरभर ओळख.
मालवा मिलची भाजीवाली मला विचारायची,
"वो आपवाली सास सुधरेगी कि नहीं?"
तिथं थांबायला जागाच नव्हती.
ती गप्प झाली की नगारे वाजत,
चेहरा तीनदा जवळ आणून आपटत.
वही मांडीवर, पेन्सिल कोरी.
फक्त एका मंगळवारी, सून घर सोडते तेव्हा,
तिनं टेबलावर चाव्या ठेवल्या
आणि हात उचललाच नाही.
नगारे यायच्या आत. एक. दोन.
"पाहिलंस?" मी बायकोला म्हटलं.
ती म्हणाली, "काय?"

गेल्या डिसेंबरात गावानं सत्कार केला.
अठ्ठ्याहत्तरची. काठी नाही, पण खुर्चीची पाठ धरून.
"या इंदूरनं मला," ती म्हणाली,
आणि थांबली.

मी तिसऱ्या रांगेत. पिशवीत वही,
उगाचच आणलेली.
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
माईकवाला पोरगा वायर हलवून बघायला लागला.
माझ्या जिभेवर शब्द तयार होते,
घडवलं, सांभाळलं, ओळखलं,
कुठलाही चालला असता.
तिनं डावीकडे पाहिलं, विंगेत.
तिथं पाण्याच्या बाटल्यांचं खोकं होतं.

पाच. सहा.
मी ओठ दातांत धरले.
साताच्या पुढं ती कधी गेली नव्हती.

आठ.